मुरबाडला गेलेल्या कोऱ्या पत्रिका

छापखान्यात जन्म गेला असं सांगितलं की लोक मोठ्या आदराने विचारतात, "मग ग्रंथ कोणकोणते छापलेत?" ग्रंथ थोडेच. पंचांगं, आरत्या, कचेरीचे नमुने, काढ्याच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, आणि ह्या सगळ्यांपेक्षा जास्त लग्नपत्रिका. ठाण्या-कल्याणात आज आजी-आजोबा होऊन बसलेल्या कितीतरी जोडप्यांची नावं पहिल्यांदा शेजारी शेजारी लिहिली ती मी. त्यांनी एकमेकांना पाहिलं त्याच्या आधी. तेव्हा दिवाळीच्या अंकासाठी "चरित्र नको, गंमत सांगा" असा संपादकांचा निरोप आला, तसा मला विचार करावा लागला नाही. गंमत एकच, माझ्या मित्राच्या मुलीच्या लग्नाची. ती आठवली की अजून मला जेवताना ठसका लागतो.

आमचा छापखाना शिळेचा, ठाण्याच्या तळ्याजवळ. हल्लीच्या मुलांना खिळे जुळवून छापतात एवढं ठाऊक आहे, म्हणून शिळेचं थोडं सांगतो. तेलकट शाईने एका खास कागदावर मजकूर लिहायचा. तो कागद घासून गुळगुळीत केलेल्या शिळेवर दाबला की अक्षरं शिळेवर उलटी उमटतात. मग शिळेवर ओलं फडकं फिरवायचं आणि त्यावर शाईचा रूळ. तेलाला पाणी सहन होत नाही, पाण्याला तेल सहन होत नाही. त्यामुळे शाई अक्षरांपाशी जाते आणि बाकीची शिळा कोरी राहते. ह्या दोघांच्या भांडणावर आमच्या मालकांचं आणि आम्हा सगळ्यांचं घर चालायचं. त्यात माझं काम लिहिण्याचं. माझं अक्षर चांगलं होतं. होतं म्हणजे काय, अजून आहे.

दोन रंग हवे असतील तर शिळा दोन लागायच्या. गणपती तांबडा आणि मजकूर काळा म्हटलं की प्रत्येक कागद दोनदा दाबायचा. दुसऱ्या वेळी कागद केसभर जरी सरकला तरी गणपतीची सोंड वधूपित्याच्या नावात. म्हणून रंगीत पत्रिका महाग. आणि महाग म्हणूनच हवी.

रंगांच्या साथी यायच्या, पटकीसारख्या. मी कामाला लागलो तेव्हा पांढरा जुन्नरी कागद, काळी शाई आणि कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं, एवढी पत्रिका थाटाची समजत. मग तांबड्या शाईची टूम निघाली. मग गुलाबी कागद आला, तेव्हा ज्याच्या त्याच्या घरी गुलाबी. एका गृहस्थांनी तर पत्रिकेत स्वतःचं नाव देवाच्या नावाहून मोठं घालायला लावलं आणि वर म्हणाले, "देवाला सगळे ओळखतात, मला ओळखायला नको का?" आणि मग एका लग्नसराईत मुंबईहून विलायती जांभळा रंग आला. पुडीत मिळायचा. चिमूटभर पुडीत घागरभर पाणी जांभळं. तशीच जांभळी शाईही आली. लुगडी जांभळी, उपरणी जांभळी, पत्रिका जांभळ्या. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "अगो बाई, हा काय मंगल रंग? दारावर आपटल्यावर पाठीला येतो तो हा!" पण म्हाताऱ्यांचं कोण ऐकतो.

त्याच सराईत कल्याणहून माधव आला. माधव माझा शाळासोबती, कल्याणच्या शाळेत मास्तर. आवाज असा की तिसऱ्या यत्तेला शिकवलं तर पहिलीचीही पोरं पास व्हावीत. तो माझ्या बैठकीशी येऊन बसला आणि चक्क कुजबुजला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"हऱ्या, गोदीचं लग्न ठरलं. मुरबाडचं घराणं. मुलगा चांगला आहे, शिकतोय. मुलाचे वडीलही गरीब स्वभावाचे."

"मग रडतोस कशाला?"

"मुलाचे काका आहेत, दाजीकाका. इथे ठाण्याला कचेरीत असतात. ते म्हणतात, आमच्या मुरबाडच्या सगळ्या मंडळींना वधूपक्षाकडून पत्रिका आली पाहिजे, आणि ती रंगीत आली पाहिजे. शाईची काळी पत्रिका श्राद्धाची वाटते म्हणे. त्यांना जांभळी हवी."

जांभळ्या पत्रिकेचा खर्च मास्तराला झेपणारा नव्हता. मी मालकांकडे शब्द टाकला. मालक मनाने वाईट नव्हते, पण सराईत त्यांच्या कानात कापूस असायचा. "कापून उरलेला जुन्नरी कागद हवा तेवढा घेऊन जा म्हणावं, लग्नाचा आहेर समज," एवढं मात्र त्यांनी केलं. मी कागदाचा गठ्ठा बांधून माधवाच्या हाती दिला. कोरा कागद घेऊन तो टेशनाकडे गेला, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी त्याचा निरोप आला, 'असशील तसा निघून ये. बोरू आण.'

मी गेलो. माधवाच्या घरात शिरलो तो पुढच्या अंगणात दोऱ्यांवर कागद वाळत घातलेले, सगळे पिवळेधमक. शेजारपाजारच्या बायका कोपरापर्यंत पिवळ्या. माझा मित्र पिवळा. आणि मध्ये परातीत हळदीचं पाणी ढवळत बसलेल्या यमुनावहिनी, माधवाची बायको.

"या भावजी," त्या म्हणाल्या. "पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद लावतातच ना? मी अख्ख्या पत्रिकेला लावली. आता रंगीत झाली की नाही?"

"झाली वहिनी, पण मजकूर? वर काळ्या शाईने लिहायचं म्हणजे पुन्हा दाजीकाकांचं श्राद्ध."

"कुंकू कशाचं होतं, भावजी?"

"हळदीचं."

"मग?" असं म्हणून त्यांनी एक वाटी माझ्यापुढे सरकवली. वाटीत नुसतं नितळ पाणी. "चुन्याची निवळी आहे. बुडवा बोरू आणि लिहा."

मी बोरू बुडवला आणि पिवळ्या कागदावर 'श्री' काढला. टोकातून पाणी उतरत होतं आणि कागदावर लालभडक अक्षर उमटत होतं! मी इतकी वर्षं शाईत हात घालून बसलेला माणूस, पण मी लहान पोरासारखा ओरडलो. माधवाने माझ्याहून मोठ्याने ओरडून घेतलं. बायका हसायला लागल्या. पुन्हा 'श्री' काढला, पुन्हा लाल. मी वहिनींना म्हटलं, "वहिनी, हा छापखाना आमच्या मालकांना कळला तर ते उद्या शिळा तळ्यात टाकतील."

"टाकू देत की. धुणं धुवायला होतील."

सारा दिवस आम्ही पत्रिका लिहिल्या. मी मजकूर लिहायचा. माधव लिहायला बसला, पण त्याची अक्षरं फळ्यावरची, एका पत्रिकेत एकच ओळ मावायची, म्हणून त्याला वाळवण्यावर लावला. नवरी मुलगी गोदी सारखी डोकावून जायची. स्वतःचं नाव लाल होताना दिसलं की पळून जायची आणि पुन्हा यायची. शेजारच्या एक काकू म्हणाल्या, "माझ्या लग्नाला पत्रिकाच नव्हती, माझंही नाव काढा हो!" मग मी त्यांचं आणि त्यांच्या यजमानांचं नाव एका कागदावर काढून दिलं. त्या तो कागद पदराआड धरून घरी गेल्या. त्यानंतर अंगणात रांग लागली. त्या दिवशी त्या आळीतली सगळी जुनी लग्नं मी पुन्हा लावली.

परतीच्या आगगाडीत माझे हात, धोतर, एक कान, सगळं पिवळं. समोरच्या बाकावरचा माणूस म्हणाला, "नवरदेव, एकटेच?" घरी पोचलो तर आमच्या बायकोने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच शब्द विचारला, "कोणाशी?"

कल्याणच्या आमंत्रणांची चिंता नव्हती. ती घरोघर जाऊन अक्षता देऊन तोंडी करायची होती. पत्रिका होत्या मुरबाडसाठी. माधवाने गठ्ठा एका ओळखीच्या माणसाबरोबर रवाना केला. मुलाच्या वडिलांचा निरोप आला, 'पत्रिका पोचल्या, सुरेख आहेत, वाटायला घेतो.' दाजीकाकांचा मात्र रुसवा थोडा उरलाच होता. छापखान्यात आले होते, तेव्हा मला म्हणाले, "लाल तर लाल. जांभळ्याची सर नाही. पण मुळीच रंग नाही असं तर कोणी म्हणणार नाही."

मी एक पत्रिका माझ्या बैठकीशेजारी भिंतीवर चिकटवली होती. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायचो. मालक तोंड वाकडं करायचे, आणि कोणी नसलं की जवळ जाऊन निरखायचे. दाखवताना मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहायचो, कागदाकडे नाही. माझी मान त्या दिवसांत जरा ताठच होती. मग एका सकाळी मालक भिंतीपाशी उभे राहून म्हणाले, "हरिभाऊ, नवऱ्या मुलीचं नाव काय आहे हो?"

"गोदावरी. लिहिलंय की."

"वाचून दाखवा."

मी उठलो. कागद पिवळाच होता. अक्षरं नव्हती. लालाचं तपकिरी होऊन तेही गेलेलं, अगदी जवळ नाक नेलं तर कुठेशी वेलांटी असावी असा संशय. वारा आणि ऊन लागून चुन्याचा जोर ओसरला होता आणि हळदीने आपला रंग परत घेतला होता. मालकांना हसू आवरेना. ते खाली बसले, गुडघ्यावर थापा मारत. मुरबाडच्या घराघरांत ह्या वेळी काय लटकत असेल ते मला मात्र दिसत होतं.

मी तसाच टेशनावर धावलो. कल्याणला उतरलो, शाळेतून माधवाला बाहेर काढलं, भाड्याची बैलगाडी केली आणि मुरबाडची वाट धरली. वाटेत माधव एकदाच बोलला. "हऱ्या, मोडलं तर तिला काय सांगू?" मी म्हटलं, "मोडत नाही रे." पण माझ्या आवाजाने मलाच धीर येईना. त्या काळी ठरलेलं लग्न मोडलं की मुलीला काय काय ऐकावं लागायचं ते आम्हा दोघांनाही चांगलं माहीत होतं.

मुरबाडला पोचलो तर मुलाच्या घराची ओटी माणसांनी भरलेली. प्रत्येकाच्या हातात एक पिवळा कागद. मधोमध दाजीकाका, सुट्टी काढून आलेले. त्यांनी एक पत्रिका माधवापुढे धरली.

"मास्तर, ही वाचून दाखवा."

मला वाटलं, आता माधव पाय धरणार. पण माधव मास्तर होता. त्याने तो कोरा कागद दोन्ही हातांत नीट धरला, घसा खाकरला आणि शाळेतल्या खणखणीत आवाजात सुरुवात केली. "श्री गजानन प्रसन्न! कृतानेक नमस्कार विनंती विशेष!" सगळी पत्रिका त्याने अखेरपर्यंत वाचली. तिथी, मुहूर्त, मंडपाचं ठिकाण, 'लहानथोरांसह येऊन शोभा आणावी' इथपर्यंत. कोऱ्या कागदावरून नजर न काढता. ओटीवर कोणी हसलं नाही, इतकं ते बिनचूक होतं.

"उत्तम," दाजीकाका म्हणाले. "आता गावातल्या प्रत्येक घरी जाऊन असंच वाचणार का?"

"वाचीन," माधव म्हणाला. "आत्ता निघतो. पहिलं घर कोणतं?"

दाजीकाकांना ह्या उत्तराची अपेक्षा नसावी. ते चढ्या आवाजात म्हणाले, "गाव हसतंय आम्हाला! कोरी पत्रिका म्हणजे काय शकुन समजायचा आम्ही? आमच्या मुलाला दुसऱ्या मुली सांगून येत नव्हत्या असं नाही."

मुलाचे वडील कोपऱ्यात खाली मान घालून होते. नवरा मुलगा विनायक दाराशी उभा होता, त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. आणि ओटीच्या दुसऱ्या टोकाला त्याची आजी, म्हणजे दाजीकाकांच्या मातोश्री, पाय पसरून पान लावत बसली होती. तिच्याही मांडीवर एक पत्रिका पडली होती. दाजीकाका ओरडले तशी ती दचकली आणि चुन्याचं बोट पत्रिकेला लागलं.

"अगो बाई!" म्हातारी म्हणाली.

पिवळ्या कागदावर लाल टिकला उमटला होता. तिने त्याकडे पाहिलं. मग मुद्दाम आणखी एक बोट लावलं. मग डबीतला चुना तळहातावर घेऊन त्यात पाणी टाकलं आणि सगळ्या कागदावरून हात फिरवला, घर सारवावं तसा. सगळी पत्रिका लालभडक झाली. आणि त्या लालीत, जिथे मी आधी लिहिलं होतं तिथे तिथे, फिकट पिवळी अक्षरं वर आली. तिथली हळद पहिल्या चुन्याने खाऊन टाकली होती, ती पुन्हा रंगायला तयार नव्हती. काल पिवळ्यावर लाल होतं, आज लालावर पिवळं!

"अरे, हे काय लिहिलंय?" म्हातारीला वाचता येत नव्हतं. "विनू, वाच बघू."

विनायक पुढे झाला. "श्री गजानन प्रसन्न," त्याने वाचलं. तिथी वाचली. मुहूर्त वाचला. "चिरंजीव विनायक यांसी चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी..." आणि थांबला. कानापर्यंत तांबडा झाला.

"पुढे?"

"पुढचं वाचता येत नाही."

"पुसट आहे का?"

"नाही. स्पष्ट आहे."

तेव्हा ओटी जी हसली, ती हसली. म्हातारीच्या तोंडातलं पान पडलं. दाजीकाका "अहो, ऐकून घ्या" म्हणत होते, पण त्यांचं ऐकायला जागेवर होतं कोण? जो तो आपापली पत्रिका घेऊन चुन्याच्या डबीकडे धावला होता. डबी रिकामी झाली तसे लोक आपल्या घरी पळाले. तासाभरात गावात कुठेही जावं तर दारात लाल पत्रिका वाळत घातलेली. ज्यांना पत्रिका नव्हती ते येऊन भांडायला लागले. "आम्हाला का नाही? आमच्याकडे काय चुना नाही?" म्हातारीने मुलाला जवळ बोलावून सगळ्यांदेखत सांगितलं, "दाजी, ज्या घरच्या बायका हे करतात, त्या घरची मुलगी मला हवी. तू जा, हात धू आणि पाहुण्यांना पानावर बसव."

मुरबाडचं अर्धं गाव लग्नाला आलं. वैशाखाचा कडकडीत दिवस, मुहूर्त दुपारचा. माधवाच्या दारी मंडप इतका भरला की शेजाऱ्यांच्या ओसऱ्या घ्याव्या लागल्या. आणि वाजतगाजत वऱ्हाड आलं तेव्हा त्याच्या अग्रभागी दाजीकाका. पत्रिकेत हार खाल्ली होती, तिचं उट्टं त्यांनी डोक्यावर काढलं होतं. जांभळं पागोटं! पुडीच्या रंगात बुडवून आदल्याच दिवशी वाळवलेलं, नवंकोरं, उन्हात चकाकणारं. माझ्यासारख्या रंगांत बुडालेल्या माणसालाही ते सुंदर वाटलं, खोटं कशाला बोलू.

अंतरपाट धरला. एक टोक भटजींकडे, दुसरं टोक हट्टाने दाजीकाकांकडे. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींना आवाजाचा शौक असावा, ती संपता संपेनात. उन्हाने सगळे घामाघूम. दाजीकाकांच्या कानशिलावरून एक जांभळा ओघळ निघाला. मग दुसरा. दोन्ही हात अंतरपाटात गुंतलेले, पुसणार कसे? ओघळ गालावर उतरले, मिशांत शिरले, हनुवटीवरून थेंब थेंब पांढऱ्या अंगरख्यावर पडायला लागले. लोकांच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. मी माधवाकडे पाहिलं, माधवाने माझ्याकडे, आणि आम्ही दोघांनी ताबडतोब विरुद्ध दिशांना माना वळवल्या. सगळा मंडप ओठ चावून उभा होता. ह्या माणसाचा अपमान झाला तर तो आत्ताही उठून जाईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

'शुभमंगल सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, माळा पडल्या. विनायकाने नवऱ्याच्या रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांना नमस्कार करायला मान वर केली आणि त्याला काका दिसले. त्याने हसू दाबलं, तर त्याच्या नाकातून शिट्टीसारखा आवाज आला.

"काय झालं?" दाजीकाका म्हणाले. मग त्यांनी कपाळ पुसलं आणि हात पाहिला. शेजारी पाय धुवायला ठेवलेल्या पाण्याच्या परातीत वाकून पाहिलं.

ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. आधी मला वाटलं रडताहेत. खांदे हलत होते. मग त्यांनी तोंड वर केलं, जांभळं, ओलं, मिशांसकट, आणि एवढ्या मोठ्याने हसले की वाजंत्री थांबली. "आई!" ते म्हातारीला ओरडले. "मला ओळखलंस का?"

"ओळखलं," म्हातारी म्हणाली. "लहानपणी जांभळं खाऊन असाच घरी यायचास."

ह्यानंतर त्या मंडपात कोणी कोणाला आवरलं नाही. लोक खांबाला धरून हसत होते. दाजीकाकांनी पागोटं काढून मला घातलं, मीही जांभळा झालो. त्या सराईत आमच्याकडे पुन्हा कोणी जांभळी पत्रिका मागितली नाही. शाईचा डबा फळीवर सुकून गेला. मालकांनी त्याचा दोष मला दिला आणि मी तो आनंदाने घेतला. हळदीच्या पत्रिका मात्र कल्याणात दोन-तीन सराया चालल्या. जिला हवी ती यमुनावहिनींकडे जाऊन रीत शिकून यायची. 'पोचताच चुना फिरवावा' असं आमंत्रणाबरोबर तोंडी सांगायची पद्धत पडली. त्यांतली एकही आज माझ्यापाशी नाही. शाईने छापलेल्या पत्रिका पेटीभर आहेत, त्या मी कधी उघडूनही बघत नाही.

पण लग्नाच्या दिवशीची एक गोष्ट राहिलीच. संध्याकाळी विहिणींची पंगत बसली. मुरबाडच्या बायकांनी यमुनावहिनींना घेरलं, नाव घ्या, नाव घ्या. मधल्या पडद्यापलीकडे आम्ही पुरुष जेवत होतो. दाजीकाका माझ्या शेजारी, गाल घासून घासूनही अजून जांभळटच. आणि पलीकडून वहिनींचा आवाज आला,

"हळदीला लावला चुना, तिचं झालं कुंकू लाल,
माधवरावांचं नाव घेते, व्याह्यांचे जांभळे गाल!"

माधवाच्या हातातला घास द्रोणात पडला. सगळ्यांनी हळूच दाजीकाकांकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे पाण्याचा घोट घेतला, मिशा पुसल्या आणि पडद्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "विहीणबाई, पुन्हा एकदा घ्या हो! शेवट नीट ऐकू आला नाही!"